बुधवार चाचांचा

मी जन्मभर काय केलं, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. कारखान्यात चार माणसं एकत्र बसली की त्यांच्यातून नवीन काहीतरी कसं निघतं, ते मी बघत आले. बघायचं, लिहायचं, परत बघायचं. लग्नानंतर माझ्या थोरल्या जावेने एकदा पोळ्या लाटता लाटता विचारलं होतं, "म्हणजे लोक राबतात आणि तू बघत बसतेस? आणि ह्याला नोकरी म्हणतात?" मी म्हटलं, म्हणतात. त्या दिवशी भांडी मलाच घासावी लागली.

पुढे पुष्कळ कारखाने पाहिले, पोरांना शिकवलंही. पण ही विद्या मी मुळात शिकले ती चिंचवडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, चार माणसांकडून. आणि शिकता शिकता त्या चौघांतल्या एकाकडून मी अशी एक गोष्ट हिरावून घेतली, जी त्याला पन्नाशीत पहिल्यांदा मिळाली होती. ती त्याला परत मिळाली की नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

पन्नासच्या दशकाचा उत्तरार्ध होता. एम.ए. करून मी पुण्यातल्या एका लहानशा संस्थेत नुकतीच लागले होते. आमचे सर परदेशात शिकून आलेले. देशात कारखाने उभे राहतायत, तर नवी कल्पना कुणाच्या डोक्यातून येते ते आपण शोधलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. 'कुणाच्या' म्हणताना ते टेबलावर बोट आपटायचे. मला ते फार पटायचं. मी तेव्हा स्वतःला भलतीच हुशार समजत होते, आणि समजत नव्हते त्या दिवशी आई आठवण करून द्यायची.

तर सरांनी मला सहा महिन्यांसाठी चिंचवडला पाठवलं, एका स्टोव्हच्या कारखान्यात. पिंपरीकडे मोठमोठ्या भिंती उभ्या राहत होत्या, पण आमचा कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड, पुढे बाभळी आणि मागे ज्वारीचं रान. मालक पूर्वी स्वतः रस्त्याकडेला बसून स्टोव्ह दुरुस्त करायचे. माणूस भला, पण उतावळा. मला बघून म्हणाले, "बाई, तुम्ही काय बघणार? स्टोव्ह पेटला तर चांगला, भडकला तर वाईट." आणि पंपाच्या खात्यात माझी रवानगी केली.

खात्यात चौघंजण. स्टोव्हला हवा भरायचा जो पंप असतो, तो हे चौघं बनवायचे. सगळ्यांत मोठे तळवड्याचे एक शेतकरी, त्यांना सगळे दादा म्हणत. निघोज्याहून सायकल हाणत येणारा एक दांडगा तरुण, गावच्या तालमीतला, म्हणून पैलवान. रत्नागिरीकडून आलेले, सतत कशालातरी नावं ठेवणारे एक कोकणी भाऊ. आणि चाकणचे एक मुसलमान कल्हईवाले, चाचा. चाचांची बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. चिंचवड गावात एका खोलीत एकटे राहायचे. बोलणं कमी, हात मात्र असा की पत्र्याला त्यांची भीती वाटत असावी.

बाईमाणूस आणि शिकलेली, म्हणून त्यांनी माझ्यासाठी कुठूनतरी एक उंच स्टूल पैदा केलं. त्यावर बसून मी रोज वहीत तारीख घालायची, खाली लिहायची, 'हजर: चार', आणि मग कोण काय बोललं ते उतरवायची. पहिले पंधरा दिवस कुणी काही बोललंच नाही. मी आहे म्हणून सगळे आपले शहाण्या मुलांसारखे वागत होते. शेवटी कोकणी भाऊंनाच राहवलं नाही. "ह्या बाई आमच्याकडे काय पोपट बघितल्यासारख्या बघत ऱ्हातात?" असं ते मोठ्याने म्हणाले, पैलवान हसला, आणि तिथून गाडं सुरळीत चालू झालं.

दुपारच्या सुट्टीत चौघं जमिनीवर गोल बसत. खाणं ज्याचं त्याचं असायचं, फिरायचा तो दादांच्या घरचा ठेचा आणि चाचांनी फोडलेला कांदा. मला वाटलं, आता जेवून आडवे होतील. पण जेवण झालं की दादा एक गोणपाट झटकून मध्ये अंथरायचे आणि म्हणायचे, "हां, आज कुनाचा वार?" ज्याचा वार असेल तो उठायचा आणि त्याच्याकडून बिघडलेला, अडलेला, न जमलेला एक नग आणून गोणपाटावर ठेवायचा. मग तो गप्प बसायचा आणि बाकीचे तिघं त्या नगाचा पिच्छा पुरवायचे. सोमवार दादांचा, मंगळवार पैलवानाचा, बुधवार चाचांचा, गुरुवार कोकणी भाऊंचा. राहिलेले दोन दिवस ज्याला नड असेल त्याचे. भोंगा झाला की गोणपाट गुंडाळून कोपऱ्यात.

मी थक्क झाले. दादांना विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? त्यांना माझा प्रश्नच कळेना. "शिकवायचं काय त्यात? सावड हाय ही. तुमच्या पुन्यात नसती का?"

नसते, म्हटलं. मग त्यांनी मला लहान पोरीला सांगावं तसं सांगितलं. "औताला बैल लागत्यात दोन. आमच्याकडं एकेकाच्या दावनीला एकच. मग माझा बैल नि तुझा बैल जुपायचा. आज माझं रान, उद्या तुझं. ज्याचं रान त्यानं भाकरी घालायची. मानसांचं बी तसंच. हितं बैल न्हाईत, डोस्की हायेत."

"आणि एखादा म्हणाला की माझ्या बैलाने जास्त ओढलं, तर?"

दादा माझ्याकडे बघून हसले. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा. म्हन ऐकली न्हाई का बाई कधी?"

ऐकली होती. ती माझ्याबद्दल आहे हे मात्र कळायला वेळ लागला.

त्याच सुमारास मालकांच्या डोक्याला एक ताप झाला. दुकानांतून स्टोव्ह परत येऊ लागले. पंपाच्या दांड्याला खाली चामड्याचा एक गोल वायसर असतो. तो मऊ असला तर हवा धरतो. आमचे वायसर दुकानात पडून पडून वाळत आणि आक्रसत, मग गिऱ्हाइकाने कितीही पंप मारला तरी हवा फुसकन बाहेर. मालकांनी जाहीर केलं की ह्यावर जो उपाय काढेल त्याला मी ह्या खात्याचा मुकादम करीन. माझे कान टवकारले. सरांचा 'कुणाच्या' आता मला सापडणार होता.

वाळका वायसर गोणपाटावर आला तो गुरुवारी, कोकणी भाऊंच्या वाराला. मी एकेक शब्द लिहून घेतला. पैलवान म्हणाला, बसवताना बोटभर तेल लावतोच की आपण. दादा म्हणाले, विहिरीवरची चामड्याची मोट वर्षभर टिकते, कारण ती वरून नाही, आतून तेल प्यायलेली असते. नवी मोट आधी तेलात मुरवतात. पैलवान म्हणाला, मुरवली की चामडं फुगणार, मग वायसर पंपात जायचा कसा? बराच वेळ कांद्याची सालं चाळवत बसलेले चाचा मग म्हणाले, "भात्याचं चामडं आमी आधी कापत न्हाई. आधी तेल, मग काप."

झालं. अख्खं चामडं कोमट करडईच्या तेलात मुरवायचं, फुगू द्यायचं आणि मग त्याचे वायसर कापायचे. आठ दिवसांत करून पाहिलं, पंधरा दिवस उन्हात ठेवलं, हवा जागची हलली नाही. मालक त्या दिवशी शेडमध्ये स्वतः चहा घेऊन आले.

आणि मी वहीत चाचांच्या त्या वाक्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली.

नुसती रेघ मारून थांबले असते तरी चाललं असतं. पण मी अहवाल लिहिला, त्यात कल्पना कुणाची ह्या रकान्यात चाचांचं नाव घातलं, आणि आगाऊपणाने त्याची एक प्रत मालकांच्या हातात दिली. मला वाटलं, ह्या एकट्या, अबोल माणसाचं आपण भलं करतोय. त्या रात्री मला फार समाधानाची झोप लागली. आज ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मालक शब्दाचे पक्के. पुढच्याच सोमवारी चाचा मुकादम झाले. दाराशी त्यांच्यासाठी माझ्यासारखंच एक उंच स्टूल आलं आणि एक वही आली. कुणाच्या हातून किती नग बिघडले ते त्या वहीत लिहून संध्याकाळी मालकांना दाखवायचं. तिघांनी चाचांचं तोंडभरून कौतुक केलं. पैलवानाने त्यांना उचलून घेतलं. सगळं खरं होतं, कुणाच्या पोटात दुखलं नव्हतं.

दुपारी जेवण झालं. दादांनी गोणपाट काढलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी तर ते जेवून तडक बाहेर बाभळीखाली जाऊन बसले. चाचा आपल्या स्टुलावर, मी माझ्या स्टुलावर. मध्ये रिकामी जमीन.

मी दादांना बाहेर गाठलं. आवाज चढवूनच विचारलं, कारण मला वाटलं हे लोक मनात जळतायत. म्हटलं, चाचा मुकादम झाले म्हणून तुम्ही त्यांना वाळीत टाकलंत काय?

दादा शांत माणूस. म्हणाले, "बाई, वाळीत कसं टाकू? पर माझा बिघडलेला नग मी गोनपाटावर ठेवला, की त्यो चाचांना दिसनार. दिसला की वहीत लिव्हायला पायजे. लिव्हला तर माझ्यावर आलं, न्हाई लिव्हला तर मालकाशी बेइमानी. चाचा इमानी मानूस हाय. त्याला असल्या पेचात कशाला टाकायचं? त्यापरीस गोनपाटच नको."

म्हणजे त्यांनी ते चाचांसाठी केलं होतं. मी आत येऊन स्टुलावर बसले आणि वहीत नुसती तारीख घालून ती मिटली.

तीन आठवडे असेच गेले. बिघडलेले नग आता बाकड्याखाली दडायला लागले. नवीन म्हणून काही निघेना. चाचांचा कांदा त्यांच्या डब्यातच राहायचा. एका संध्याकाळी मी स्टेशनकडे निघाले, तर मागून चाचा आले. बरोबरीने चालावं की मागे राहावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "बाई, त्या कागदावरनं माझं नाव खोडता यील का?"

"का हो चाचा? चुकीचं लिहिलं का मी?"

"चुकीचं न्हाई. तुमी भल्यासाठीच केलं." थोडं चालून ते थांबले. "माझा बाप कल्हईवाला. बाजाराच्या दिवशी भाता घिऊन बसायचा. रान न्हाई, बैल न्हाई. पेरनीच्या दिवसांत सगळं गाव एकमेकाच्या सावडीला जायचं, आन आमी बापलेक भात्याजवळ. लोकांचं काय चुकत न्हवतं. आमच्याकडं जुपायला काय न्हवतंच, तर आमाला कोन घेनार? हितं आलो, तवा दादा म्हनले, चाचा, बुधवार तुमचा. आता हे कुनाला सांगितलं तर हसतील, पर बाई, मंगळवारी रातच्याला मी कापडं धुऊन ठिवायचो."

मला रडू आलं. भर रस्त्यात, ओळखपाळख नसलेल्या लोकांसमोर. चाचाच घाबरले आणि म्हणाले, "जाऊ द्या बाई, जाऊ द्या, मुकादमकी बी चांगलीच हाय."

गाडीत बसून मी वही उघडली आणि त्या गुरुवारचं पान पहिल्यापासून वाचलं. कोकणी भाऊंनी वाळका वायसर मध्ये ठेवला नसता तर दादांना मोट आठवली नसती. मोटेवर पैलवानाने शंका काढली नसती तर चाचांनी तोंड उघडलं नसतं. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी फक्त शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली होती, कारण शोधायला निघाले होते एकच माणूस.

सोमवारी सरांना सांगितलं की माझा अहवाल चुकला, ती कल्पना चौघांची आहे. सर म्हणाले, "सगळ्यांची हे उत्तर नसतं. ते आळशी संशोधकाचं उत्तर आहे." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "मग मी आळशी. पण त्या रकान्यात एक नाव ठेवून मी सही करणार नाही." सरांनी शांतपणे वही मिटली. बुधवारपर्यंत चिंचवडचं काम आटपा आणि ग्रंथालयातल्या नोंदी करायला बसा, असा हुकूम झाला. पुढचं वर्षभर मी तिथे धूळ खाल्ली. सर वाईट नव्हते, नंतर आमचं जुळलंही, पण त्या दिवशी घरी जाऊन मी आईशी विनाकारण भांडले.

मंगळवारी मालकांपुढे गेले. ते गुरुवारचं पान मोठ्याने वाचून दाखवलं. मालकांनी खिशातून एक वायसर काढला आणि ऐकता ऐकता दोन बोटांत फिरवत राहिले.

"मग चौघांना मुकादम करू?" ते म्हणाले.

"कुणालाच करू नका."

"दिलेली जागा काढून घेऊ? चारचौघांत माणसाचा पाणउतारा होईल, बाई. तुम्ही आधी एक सांगता, मग दुसरं. ह्यात त्या माणसाने काय करायचं?"

"चाचांनीच मागितलंय."

मालकांनी वायसर परत खिशात टाकला. म्हणाले, "मी रस्त्यावर बसायचो तेव्हा शेजारी एक छत्रीवाला होता. अडलं की मी त्याला विचारायचो. त्याला स्टोव्हमधलं ओ की ठो कळत नव्हतं." एवढंच बोलून त्यांनी मला जायला सांगितलं. होकार की नकार, काही कळलं नाही.

बुधवार माझा तिथला शेवटचा दिवस. सगळं आवरायला शनिवार उजाडला असता, पण सरांनी घाई लावली होती. सकाळी मालक शेडमध्ये आले. इकडेतिकडे बघितल्यासारखं करून चाचांना म्हणाले, "आमच्या हापिसात बसायला काही नाही. हे स्टूल मला लागणार आहे. ती वही पण द्या, तिच्यात मी दुसरं काहीतरी लिहीन. तुमचं बाकडं मोकळंच आहे ना?"

चाचा उभे राहिले. "हाय मालक," म्हणाले, आणि स्टूल आपल्या फडक्याने पुसून दिलं.

पैलवानाने ते खांद्यावर घेतलं. जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाला, "बाईंचं बी न्यायचं का?"

मी खाली उतरले. "न्या," म्हटलं.

दुपारी दादांनी ठेचा फिरवला, चाचांनी कांदा फोडला. मी पदर खोचून पैलवान आणि कोकणी भाऊंच्या मध्ये बसले. "सरका हो, बाईंस जागा द्या, नायतर परत पुन्याक जाऊन आमच्यावर लिवतील," कोकणी भाऊ पुटपुटले. जेवण झालं. दादा उठले, कोपऱ्यातून गोणपाट आणलं, तीन आठवड्यांची धूळ दारात झटकली आणि मध्ये अंथरलं.

"चाचा, बुधवार तुमचा."

चाचांनी खिसे चाचपले. बाकड्याकडे बघितलं. तीन आठवडे ते दाराशी बसून होते, त्यांच्या हाताखालून एकही नग गेला नव्हता, मग बिघडणार काय? धुतलेल्या सदऱ्याची बाही त्यांनी उगाच खाली ओढली.

"माझी आज काय अडचन न्हाई, दादा," ते म्हणाले.

"न्हाई तर न्हाई," दादा म्हणाले. "मग नुसतं बसू की."

आणि आम्ही नुसते बसलो. कोकणी भाऊंनी विडी काढली आणि तशीच परत ठेवली. मागच्या रानात कुणीतरी पाखरं हाकत होतं, त्याचा आवाज येत होता. चाचा त्या रिकाम्या गोणपाटाकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही, आणि भोंगा होईपर्यंत कुणी उठलंही नाही.

संध्याकाळी गाडीत मी वहीचं शेवटचं पान भरलं. ते पान अजून माझ्याकडे आहे. त्यावर वार आहे आणि खाली दोनच ओळी. 'मध्ये काही नव्हतं. हजर: पाच.'